कपाटामागचा हात

मोबाइल घरीच ठेवा. जिथे जायचंय तिथे त्याला लावायला वायर मिळणार नाही. डोळे, कान आणि मुख्य म्हणजे हात घेऊन या. संगणकाचा इतिहास सांगणारे लोक चिप किती लहान झाली आणि साठा किती वाढला एवढंच सांगतात. आपण यंत्राच्या मागच्या बाजूला जाऊ. तिथे वायर शिरते, स्क्रू बसतो, पिन वाकते आणि कुणाचा तरी हात न बघता चाचपडत असतो.

१९५५. कॅलिफोर्नियातलं सॅन होजे. गावाबाहेर पडलं की जर्दाळूच्या आणि प्लमच्या बागा. ९९, नोटर डेम अ‍ॅव्हेन्यू या पत्त्यावरच्या साध्या इमारतीत आयबीएमने तीन वर्षांपूर्वी प्रयोगशाळा थाटली आहे. तिचे प्रमुख रेनॉल्ड जॉन्सन पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायचे. विद्यार्थ्यांनी पेन्सिलीने खुणा केलेल्या उत्तरपत्रिका तपासणारं यंत्र त्यांनी बनवलं आणि आयबीएमने त्यांना बोलावून घेतलं.

तुमच्या हातात कागदी पेला दिला जातो. त्यात लालसर तपकिरी रंग आहे. त्यात लोहाच्या ऑक्साइडची भुकटी आहे आणि तो स्त्रियांच्या रेशमी पायमोज्यातून गाळून घेतलाय, म्हणजे गुठळ्या राहायला नकोत. समोर दोन फूट व्यासाची अ‍ॅल्युमिनियमची तबकडी गरागरा फिरतेय. रंग मध्याजवळ ओता. ओतताना हात थरथरू देऊ नका आणि मध्येच थांबू नका. फिरण्याच्या जोराने रंग आपोआप कडेपर्यंत पसरतो आणि सगळीकडे सारखा थर बसतो. जमलं? आता हेच पुन्हा करा, कारण एका यंत्रात अशा ५० तबकड्या लागतात.

शेजारच्या खोलीत त्या ५० तबकड्या उभ्या दांड्यावर एकावर एक चढवलेल्या आहेत आणि मिनिटाला १,२०० फेरे घेत आहेत. मन लावून बघायचा तो बाजूचा हात, यंत्राचा हात. पन्नासही तबकड्यांसाठी तो एकच आहे. हव्या त्या तबकडीसमोर तो वरखाली सरकतो, थांबतो, आत शिरतो आणि पुन्हा थांबतो. त्याच्या टोकाला नोंदी लिहिणारी-वाचणारी दोन हेड आहेत, एक वरच्या बाजूसाठी, एक खालच्या. हेड तबकडीला टेकलं तर थर खरवडला जाईल आणि दूर राहिलं तर काही वाचता येणार नाही. मधलं अंतर साधारण २० मायक्रॉन. ते राखण्यासाठी हेडमधून दाबाची हवा सोडलेली आहे, म्हणून कॉम्प्रेसर सतत घरघरतोय. सगळा साठा ५० लाख अक्षरांचा. एखादी नोंद गाठायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागतात, आणि त्यातला बहुतेक वेळ हाताच्या हालचालीचा.

पुढच्या वर्षी, १९५६ मध्ये, हे यंत्र रॅमॅक या नावाने जाहीर होईल आणि पुस्तकांत '५० लाख अक्षरं' हाच आकडा छापला जाईल. मला मात्र त्या हाताला थांबवणारी खाच जास्त महत्त्वाची वाटते. मोटर हाताला जागेजवळ आणून सोडते, पण नेमक्या तबकडीवर आणि नेमक्या मार्गिकेवर, म्हणजे नोंदींच्या नेमक्या वर्तुळावर, त्याला पकडून ठेवायला खुंटी खाचेत जाऊन बसावी लागते. एका इंचात २० मार्गिका आहेत. एवढ्या अंतरात खाच पुरते. हा आकडा लक्षात असू द्या.

या गडबडीत अ‍ॅल शुगार्ट नावाचा तरुण दिसतोय का बघा. तो १९५१ मध्ये आयबीएममध्ये लागला तो ग्राहकांकडे जाऊन यंत्रं दुरुस्त करायला. ज्याने दुसऱ्याचं यंत्र पाठ टेकून, बॅटरी तोंडात धरून उघडलंय, तो पुढे स्वतः यंत्र बनवताना स्क्रू कुठे ठेवायचा याचा वेगळा विचार करतो. याच्याशी पुढे पुन्हा गाठ पडेल.

आता दहा वर्षं पुढे आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला चला. मॅसॅच्युसेट्समधलं मेनार्ड, १९६५. जुनी लोकरीची गिरणी. आत लोकरीऐवजी डिजिटल इक्विपमेंट कंपनीचे संगणक तयार होतात. १८,००० डॉलरचा पीडीपी-८ नुकताच बाजारात आलाय. त्या काळच्या मानाने ही किंमत अगदीच कमी, आणि ती कमी का, हे तुम्हाला यंत्राच्या पाठीकडे गेल्यावर कळेल.

मागच्या पाटीवर शेकडो चौकोनी पिना उभ्या आहेत. त्यांना वायर जोडलेली आहे, पण डाख दिलेला नाही. हे काम बहुतेक यंत्र करतं, किंमत उतरली ती बरीचशी त्यामुळेच. तरी एक हत्यार तुमच्या हातात देतो. वायरचं सोललेलं टोक त्याच्या तोंडात घाला, पिनेवर चढवा, घोडा ओढा. खर्र असा आवाज आणि वायरचे पाच-सात घट्ट वेढे पिनेवर बसलेले. ओढून बघा. सुटत नाही. पिन गोल असती तर सुटली असती. चौकोनी पिनेचे चार कोपरे प्रत्येक वेढ्यात वायरीत रुततात आणि तिथे दाब एवढा असतो की हवासुद्धा आत जाऊ शकत नाही. हवा नाही म्हणजे गंज नाही. ही युक्ती बेल प्रयोगशाळेने टेलिफोन एक्स्चेंजसाठी काढली. तिथे असे लाखो सांधे वर्षानुवर्षं बिनतक्रार टिकायला हवे होते.

दोन धातू एकमेकांना टेकले म्हणजे ते जोडले गेले, असं आपण धरून चालतो. स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ राग्नार होल्म यांनी बर्लिनमध्ये सीमेन्सकडे असताना या टेकण्याचाच अभ्यास केला आणि पुढे विजेच्या संपर्कांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. गुळगुळीत दिसणारे पृष्ठभागही टाकी दिलेल्या जात्याच्या दगडांसारखेच असतात, एकमेकांवर ठेवले तरी टेकतात फक्त उंचवट्यांवर. सगळा विद्युतप्रवाह त्या मोजक्या ठिपक्यांमधून दाटीवाटीने जातो. दाब वाढवला की ठिपके वाढतात. ठिपक्यावर ऑक्साइडचा पापुद्रा आला की वाट बंद. यापुढे तुम्ही जे जे कनेक्टर हातात घ्याल, त्यात या तीनच गोष्टींची ओढाताण दिसेल: दाब किती, धातू कोणता आणि हवा आत शिरते का.

वेढे घातलेला सांधा त्या मानाने सोपा, कारण तो सहसा उघडायचाच नसतो. पण त्याच पाटीच्या दुसऱ्या बाजूला बघा. तिथे छोटी सर्किट-कार्डं खाचांमध्ये बसवली आहेत. कार्ड बिघडलं की ओढून काढायचं, नवं घालायचं. हा सांधा कायम घट्ट हवा आणि हवा तेव्हा सैलही व्हायला हवा. स्प्रिंगचा दाब जास्त ठेवला तर कार्ड निघत नाही आणि प्रत्येक वेळी मुलामा घासला जातो. कमी ठेवला तर ठिपके सुटतात. म्हणून कार्डाच्या कडेला सोनं येतं. श्रीमंती दाखवायला नाही, सोन्यावर ऑक्साइड चढत नाही म्हणून हलक्या दाबावरही काम भागतं. त्याच्याखाली निकेलचा थर, नाहीतर तांबं हळूहळू सोन्यातून वर येतं. चांगल्या कनेक्टरवर सोन्याची जाडी एका मायक्रॉनहूनही कमी असते. कंपनीच्या हिशेबनिसाला तीही जास्तच वाटते.

१९७५. विस्कॉन्सिन राज्यातलं चिपेवा फॉल्स, महासंगणक बनवणारे सीमोर क्रे यांचं जन्मगाव. त्यांचं यंत्र पुढच्या वर्षी लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जाणार आहे. क्रे-१ चा फोटो तुम्ही पाहिला असेल: एका बाजूने उघडा असलेला गोल, बारा खांब आणि सभोवती गादीची बैठक. त्या बैठकीखाली वीजपुरवठ्याची सगळी सामग्री दडवली आहे. त्यामुळे हा जगातला सर्वांत महाग सोफा, असं लोक गमतीने म्हणतात. पण तुम्ही बसू नका. उघड्या बाजूने आत जा.

आत वायरींचं रान आहे. दोन-दोन वायरींना पीळ दिलेल्या जोड्या, हजारोंच्या संख्येने, एकीवर एक, आडव्यातिडव्या. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हे कुणीतरी घाईत केलंय, जरा जुड्या बांधून टापटीप करायला काय झालं होतं? पण जुडी बांधली की वायर कोपऱ्याकोपऱ्याने फिरते आणि लांब होते. इथे लांबी म्हणजे वेळ. यंत्राचा एक ठोका १२.५ नॅनोसेकंदांचा. वायरमधून संदेश एका नॅनोसेकंदात साधारण वीतभर जातो. चार फुटांहून लांब वायर या यंत्रात नाही. तेवढ्या वायरीतही ठोक्याचा जवळजवळ निम्मा वेळ प्रवासात जातो. यंत्र गोल आहे तेही याचसाठी. गोलाच्या आतल्या बाजूला सगळं एकमेकांच्या जवळ येतं आणि ज्या भागांना घाई आहे ते तिथे बसवता येतात. लोकांना ते शिल्प वाटलं. खरं तर ती वायर वाचवण्याची खटपट होती.

वायरी जोडणाऱ्या बहुतेक बायका आहेत, आसपासच्या भागातून आलेल्या. तुम्ही त्यांच्यातल्या एकीशेजारी उभे राहा. तिच्याजवळ यादी आहे: कोणत्या पिनेपासून कोणत्या पिनेपर्यंत आणि कोणत्या लांबीची वायर. लांबी ठरवून दिलेली आहे, कारण दोन संदेश एकाच क्षणी पोचायचे असतील तर त्यांच्या वायरीही तशाच कापाव्या लागतात. तुम्ही एक जोडी उचलता, पहिलं टोक बसवता, दुसऱ्या टोकाची पिन शोधता, आणि त्या रानात पहिली कुठली होती तेच विसरता. ती न बोलता तुमचा हात दोन पिना डावीकडे सरकवते. चूक आज सापडली तर दोन मिनिटांचं काम आहे. महिन्याभराने सापडली तर तिच्यावर आणखी शंभर वायरी पसरलेल्या असतील. इतिहासाच्या पुस्तकांत क्रे यांच्यावर प्रकरणं आहेत आणि या बायकांवर एखादं वाक्य. मला हे प्रमाण उलटं वाटतं. यंत्राचा वेग कागदावर क्रे यांनी काढला, पण प्रत्यक्षात तो या बायकांच्या बोटांतून उतरला.

बाहेरच्या बाजूने एक मॉड्यूल ओढून बघा. अशी १,६६२ मॉड्यूल्स यात आहेत, ११३ प्रकारची. दोन सर्किट-पाट्यांच्या मध्ये तांब्याचा जाड पत्रा. चिपची उष्णता पत्र्यात, पत्र्यातून कडेच्या अ‍ॅल्युमिनियमच्या खांबात आणि तिथून खांबातल्या पोलादी नळीत वाहणाऱ्या फ्रीऑनमध्ये. यंत्र सुमारे ११५ किलोवॉट वीज खातं, आणि खाल्लेलं सगळं उष्णता होऊन बाहेर पडतं. सुरुवातीला या नळ्यांच्या सांध्यांनी फार छळलं. फ्रीऑनबरोबर फिरणारं वंगणाचं तेल झिरपून पाट्यांवर पसरायचं. त्यावर उपाय निघाला तो वेल्डिंगच्या नव्या पद्धतींतून. म्हणजे जगातल्या सर्वांत वेगवान संगणकाचं गाडं प्लंबिंगवर अडलं होतं.

या घराण्यातलं एक यंत्र पुढे भारतालाही मिळालं, हवामानाच्या अंदाजासाठी, दिल्लीत. हवं तसं आणि हव्या त्या कामाला मात्र अमेरिका देईना. त्यातूनच १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संशोधन संस्था उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. त्यात ट्रान्सप्युटर नावाच्या चिप होत्या. प्रत्येक चिपला शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे, बस. कुणाचा दुवा कुणाला जोडायचा, यावर यंत्राचा आकार आणि स्वभाव ठरायचा.

आता शुगार्ट. आयबीएम सोडल्यावर काही वर्षांनी, १९७३ मध्ये, त्यांनी स्वतःच्या नावाची कंपनी काढली. दुसऱ्याच वर्षी तिथून बाहेर पडले. कंपनीने १९७६ मध्ये सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह आणला, तोपर्यंत नाव त्यांचं पण माणूस घरी अशी स्थिती होती. मग १९७९ मध्ये नवी कंपनी, जिला आपण सीगेट म्हणून ओळखतो. तिचा पहिला हार्ड डिस्क ड्राइव्ह १९८० चा, ५ मेगाबाइटचा. रॅमॅकचं कपाट एक टनाहून जड होतं. ढोबळमानाने तेवढंच आता दोन हातांत मावतं. पण माझ्या मते सीगेटची खरी हुशारी ड्राइव्हच्या आकारात आहे. तो नेमका त्या सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्हच्या मापाचा केला. संगणक बनवणाऱ्यांच्या डब्यात ते भोक आधीच कापलेलं होतं. त्याच भोकात नवा माल सरकवला आणि वीजही त्याच प्लगातून घेतली. नवी वस्तू जुन्या भोकात बसवण्याची ही अक्कल धंद्यात फार उपयोगी पडते.

ऑगस्ट १९८१, फ्लोरिडातलं बोका रॅटन. आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आत्ताच आलाय. टेबलावर एक उघडा डबा, दोन फ्लॉपी ड्राइव्ह आणि एक राखाडी पट्टी केबल, ३४ वायरी शेजारी शेजारी चिकटवून केलेली. ड्राइव्ह जोडायचे आहेत.

आतापर्यंत हे काम असं चालायचं. एकाच केबलवर अनेक ड्राइव्ह, म्हणून 'मी पहिला', 'मी दुसरा' हे प्रत्येकाला सांगावं लागायचं. त्यासाठी ड्राइव्हच्या पाटीवर इवल्याशा पिना आणि त्यांवर बसवायची टोपी, म्हणजे जंपर. दुकानदाराने टोपी चुकीच्या जागी बसवली की दोन ड्राइव्ह एकदम बोलू लागायचे किंवा दोन्ही गप्प. आयबीएमला हे यंत्र दुकानांतून विकायचं होतं आणि दुकानातला प्रत्येक जण इंजिनिअर नसतो.

केबल हातात घ्या आणि शेवटच्या कनेक्टरच्या जरा आधी बघा. तिथे दहावीपासून सोळाव्या वायरीपर्यंतची सात वायरींची पट्टी कापून, उलटी फिरवून परत लावली आहे. हा पीळ म्हणजे सगळी करामत. दहावी आणि सोळावी वायर मोटर चालू करणारी, बारावी आणि चौदावी ड्राइव्ह निवडणारी. मधल्या विषम वायरी जमिनीच्या, म्हणजे ग्राउंडच्या, त्या कशाही फिरल्या तरी फरक पडत नाही. पीळ दिल्यावर दहावीची सोळावी होते, बारावीची चौदावी. म्हणून दोन्ही ड्राइव्हवर जंपर एकाच जागी ठेवायचा. पिळाच्या पुढचा ड्राइव्ह आपोआप ए, आधीचा बी. कोणता ड्राइव्ह कोण, हे आता केबल ठरवते आणि केबलला चूक करता येत नाही. मला हा पीळ कित्येक गाजलेल्या चिपांपेक्षा सुंदर वाटतो. त्यात एकही नवा भाग नाही, एका पैशाचाही खर्च वाढलेला नाही, आणि लाखो डब्यांमधली एक चूक कायमची काढून टाकली आहे.

पण प्रत्येक जण असा विचार करत नाही, हे बघायला तुम्हाला मुंबईला आणतो. १९९७, लॅमिंग्टन रोड. पावसाळा. जिन्याखालच्या दुकानात असेम्बल्ड पीसी जोडण्याचं काम चाललंय. तुम्ही नवे पोरगे आहात. पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये पहिल्यांदाच हात घातलात आणि आतल्या कडेने बोट कापलं. कुणी लक्षही दिलं नाही. स्वस्त कॅबिनेटच्या कडा घासलेल्या नसतात. मालाची किंमत अशी कामगाराच्या बोटातून वसूल होते.

"लाल रेघ पॉवरकडे," उस्ताद मान वर न करता सांगतो. हार्ड डिस्कची ४० पिनांची केबल, तिच्या एका कडेला लाल रेघ. ती पहिल्या पिनेची खूण, आणि ड्राइव्हवर पहिली पिन विजेच्या प्लगच्या बाजूला असते. एवढं पाठ असलं की अंधारातही केबल लागते. नंतर स्क्रू. डबीत दोन प्रकारचे मिसळलेले आहेत, दिसायला जवळजवळ सारखे. जाड आट्याचा तो हार्ड डिस्कला, बारीक आट्याचा सीडी ड्राइव्हला. पहिला अमेरिकन इंचाच्या मापाचा, दुसरा मेट्रिक. भलताच स्क्रू जोराने फिरवलात की भोकाचे आटे गेलेच.

आता मदरबोर्डला वीज द्यायची. पॉवर सप्लायमधून सहा-सहा वायरींचे दोन प्लग येतात, एकमेकांची हुबेहूब नक्कल. बोर्डावर त्यांची जागाही शेजारी शेजारी. डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसतो, काही अडत नाही. चालू केलं की बोर्ड मात्र जळतो. "काळ्याला काळी!" उस्ताद ओरडतो. दोन्ही प्लगच्या काळ्या वायरी मध्ये, एकमेकांना लागून आल्या पाहिजेत. संपूर्ण बोर्डाचा जीव एका रंगावर आणि एका घोकलेल्या वाक्यावर टांगलेला. बोका रॅटनमधला तो पीळ ज्या कंपनीने दिला, तिच्याच पर्सनल कॉम्प्युटरने हे दोन प्लगही जगाला दिले. एकाच डब्यात एक टेबल शहाणं आणि दुसरं बेफिकीर, असं असू शकतं. तुम्ही उभे आहात त्या साली एकच मोठा प्लग असलेले बोर्ड यायला लागले आहेत. तो उलटा बसतच नाही.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक येतं. "भाऊ, काल चालत होतं, आज पडद्यावर काहीच येत नाही." उस्ताद कॅबिनेट उघडतो, रॅम काढतो, खिशातून शाळकरी खोडरबर काढून तिच्या कडेवरचे दात घासतो, परत बसवतो. चालू. गिऱ्हाईक खूश. तुम्हाला हा तोडगा जादूटोण्यासारखा वाटेल, पण मेनार्डमध्ये सांगितलेलं आठवा. संपर्क मोजक्या ठिपक्यांवरच असतो. यंत्र तापतं, निवतं, पंख्याने थरथरतं, आणि दात खाचेत केसाएवढेही नाही इतके मागेपुढे सरकतात. दातांवर किंवा खाचेत कथील असेल तर प्रत्येक सरकण्यात ताजं कथील उघडं पडतं, त्यावर ऑक्साइड येतं, त्याचा चुरा साठतो. एका बाजूला सोनं आणि दुसऱ्या बाजूला कथील असेल तर आणखी वाईट. वर मुंबईची खारट, दमट हवा. खोडरबर तो चुरा काढतं. सोन्याचा पातळ मुलामाही थोडा घेऊन जातं, म्हणून सारखं घासायचं नसतं. खरं तर बरेचदा नुसतं काढून परत बसवणंच पुरतं. पण नुसतं काढून बसवलं तर गिऱ्हाईक पैसे द्यायला कुरकुर करेल.

डिसेंबर २००८. सन मायक्रोसिस्टिम्सच्या सर्व्हर खोलीत कान झाकून उभे राहा. ब्रेंडन ग्रेग नावाचा इंजिनिअर डिस्कच्या रॅकपाशी तोंड नेतो आणि जिवाच्या आकांताने ओरडतो. मग पडद्याकडे बोट दाखवतो. तो ओरडला त्या क्षणी डिस्कचा प्रतिसाद लांबलेला, आलेखात तेवढ्याच जागी ठिपक्यांचा उंच झुबका. याचा व्हिडिओ जगभर पोचला आणि लोक हसले. साठवणुकीचे डबे बनवणारे बहुधा हसले नसतील.

सॅन होजेतला आकडा आठवतोय? इंचात २० मार्गिका. आता त्या इंचात लाखाहून अधिक आहेत. खाच आणि खुंटी कधीच गेल्या. हेड आता तबकडीवरच्या खुणा वाचत स्वतःला सतत सावरत असतं. एवढ्याशा जागेत डब्याचा पत्रा जरा थरथरला तरी हेड मार्गिकेवरून घसरतं, फेरी वाया जाते, पुन्हा प्रयत्न. ओरडणं तर लांबच, शेजारच्या डिस्कची थरथर आणि पंख्यांचा वाराही पुरतो. बॅकब्लेझ या कंपनीने २००९ मध्ये आपल्या लाल डब्याचे आराखडे सगळ्यांना खुले केले. एका डब्यात ४५ साध्या डिस्क उभ्या खोवलेल्या, आणि थरथर शोषायला डिस्कभोवती रबरबँड घातलेले. बुखारेस्टमध्ये आयएनजी बँकेला सप्टेंबर २०१६ मध्ये याचाच महाग धडा मिळाला. आग विझवणाऱ्या वायूची चाचणी घेतली, वायू नळ्यांच्या तोंडातून प्रचंड आवाज करत सुटला आणि त्या आवाजानेच डिस्क बिघडल्या. आग लागलीच नव्हती. ग्राहकांचे व्यवहार मात्र तासन्‌तास बंद पडले.

आता आजच्या काळात या, ऐरोलीच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये. मध्यरात्र, थंडगार बोळ, एका डिस्कपाशी पिवळा दिवा. ती तुम्हाला बदलायची आहे, यंत्र चालू असतानाच. खटका दाबा, पुढची दांडी बाहेर येते, तिच्याच तरफेने डिस्क खाचेतून सुटते. ओढू नका, थांबा. आतली तबकडी अजून फिरतेय. थांबली? आता काढा. नवी सरकवा आणि दांडी मिटवा.

तुम्ही एकच धक्का दिलात, पण आत तो तीन टप्प्यांत पोचला. या डिस्कच्या सॅटा नावाच्या कनेक्टरमध्ये सगळ्या पट्ट्या सारख्या लांबीच्या नसतात. सर्वांत लांब त्या जमिनीच्या, त्या आधी टेकतात. मग विजेच्या मोजक्या पट्ट्या, ज्यांच्या वाटेत रोधक ठेवून ड्राइव्हला हळूच पहिला घोट पाजलेला असतो. उरलेल्या सर्वांत शेवटी. हा क्रम नसता तर रिकाम्या ड्राइव्हने वीज एकदम ओढली असती आणि शेजारच्या चालू डिस्कना झटका बसला असता. पट्टीची लांबी थोडी कमीजास्त करून हे साधलं आहे. तुम्ही कितीही घाईत असा, झोपेत असा, घामेजलेल्या हाताने ढकला, क्रम बदलत नाही. शिवाय कनेक्टरच्या आतला आडवा-उभा कोन असा की डिस्क उलटी जाणारच नाही. लॅमिंग्टन रोडवरच्या त्या उस्तादाला इथे ओरडायला काही उरलेलं नाही.

शेवटची उडी लांबची नाही. २०२४ मध्ये एनव्हिडियाने एक रॅक दाखवला. ७२ प्रोसेसर एकमेकांशी बोलणारे, आणि त्यांच्यामध्ये ५,००० हून जास्त तांब्याच्या केबली, एकूण सुमारे दोन मैल. काच-तंतू हाताशी असताना तांबं का? कारण अंतर रॅकएवढंच आहे, आणि एवढ्या अंतरात प्रकाशात रूपांतर करून परत विजेत आणायला लागणारी वीज तांबं वाचवतं. सगळं एका रॅकमध्ये कोंबण्याचं कारणही तेच, वायर आखूड राहिली पाहिजे. रॅक सुमारे १२० किलोवॉट वीज खातो. थंड ठेवायला पाइपातून द्रव खेळवावा लागतो. चिपेवा फॉल्सच्या त्या बाईला हे सगळं ओळखीचं वाटलं असतं.

एक गोष्ट मात्र तिला खटकली असती. मागे जाऊन बघा: केबली दिसत नाहीत. त्या चार बंद पेट्यांमध्ये आधीच विणून आलेल्या आहेत. ट्रे पुढून सरकवायचा आणि तो मागे न दिसणाऱ्या कनेक्टरांत आपोआप बसतो. मार्गदर्शक खुंट्या त्याला शेवटच्या क्षणी रांगेत आणतात. आतली एखादी वायर बिघडली तर ती दोन पिना डावीकडे सरकवण्याची सोय नाही. पेटी काढायची, दुसरी लावायची.